वर्ध्याहून इटली: एकूण किती पडतात?

जाहिरातीत ‘रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान, ८ दिवस, फक्त १,४९,९९९’ असं ठळक छापलेलं असतं आणि आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते. चांदणीचा अर्थ शेवटच्या पानावर सापडतो. जीएसटी वेगळा, टीसीएस वेगळा, व्हिसा वेगळा, टिप वेगळी आणि सगळं ‘मुंबई ते मुंबई’. तुम्ही राहता आर्वीला नाहीतर हिंगणघाटला. तुमचा खर्च एसटी स्टँडवरच सुरू होतो.

तेव्हा आधी आकडा घ्या. दोघं, नऊ रात्री, चार शहरं, सगळं स्वतः ठरवून: ३ लाख ८० हजारांच्या आसपास. युरो शंभर रुपयांचा धरलाय, तोंडी हिशोबाला सोपा म्हणून. प्रत्यक्षात वर आणखी काही रुपये लागतील असं समजून चला. विमान माणशी ६० हजार, तेही लवकर काढलं आणि गर्दीचा हंगाम टाळला तर. व्हिसा सेवाशुल्कासह माणशी ११ हजार. विमा दोघांचा ३ हजार. हॉटेल, ११० युरोची खोली धरून, ९९ हजार. हॉटेलात द्यायचा शहरकर ९ हजार. शहरांमधल्या रेल्वेगाड्या १८ हजार, शहरातल्या बस-मेट्रो-बोटी १८ हजार, जेवणखाण ५४ हजार, प्रवेश तिकिटं १९ हजार. व्हिसासाठी मुंबईची एक चक्कर १२ हजार आणि निघतानाचं-परततानाचं वर्धा-मुंबई ८ हजार. हे शेवटचे २० हजार कुठल्याच माहितीपत्रकात नसतात.

कागद

पासपोर्ट नसेल तर ३६ पानी १,५०० रुपयांना, ६० पानी २,००० ला. तात्काळला वर २,०००. आपला जिल्हा नागपूर कार्यालयाच्या हद्दीत येतो. वर्ध्याच्या डाकघरातल्या केंद्राची वेळ मिळाली तर नागपूरची चक्कर वाचते. पोलीस पडताळणीला पैसे लागत नाहीत, ‘चहापाणी’ही नाही. पासपोर्ट आधीच असेल तर तीन गोष्टी तपासा: तो दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी हवीत.

इटलीचा वेगळा व्हिसा नसतो, तो शेंगेन व्हिसा. महाराष्ट्रातल्या माणसाचा अर्ज इटलीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातो आणि तो स्वीकारतं व्हीएफएसचं केंद्र. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर यातला एक पैसा परत मिळत नाही.

केंद्रात गेल्यावर काउंटरवरचा माणूस विचारेल: एसएमएस हवा? कुरिअर हवं? लाउंज हवा? फोटो इथेच काढता? हे सगळं ऐच्छिक आहे आणि विचारताना मात्र तसं वाटत नाही. कुरिअर तेवढं घ्या, कारण पासपोर्ट आणायला पुन्हा मुंबई म्हणजे माणशी तीनेक हजारांचं थ्री एसी. बाकीच्याला ‘नको’ म्हणा. फोटो (३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी) आणि झेरॉक्स वर्ध्यातच काढून न्या. अपॉइंटमेंट मिळवून देतो म्हणून वेगळे पैसे मागणारा दलाल असतो, तो कितीही ओळखीचा असला तरी.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस उरले की दार बंद. निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस, गुंतागुंत असेल तर ४५. म्हणून अडीच-तीन महिने हातात ठेवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. बारा वर्षांच्या आतल्या मुलांचे ठसे घेत नाहीत. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, पण फाइल द्यायला स्वतः जावंच लागेल का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा.

सगळ्यांचे समान कागद असे: अर्ज, फोटो, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, विमानाचं आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या हॉटेलचं आरक्षण, दिवसवार कार्यक्रम, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, तीन वर्षांचे आयकर परतावे. हॉटेल ‘रद्द केल्यास पैसे परत’ या प्रकारचंच घ्या. विमानाचं पूर्ण तिकीट व्हिसाआधी काढू नका, आरक्षण पुरतं. पण पाचशे रुपयांत ‘डमी तिकीट’ बनवून देणाऱ्यांपासून लांब राहा. तपासलं आणि खोटं निघालं तर पुढची कैक वर्षं तो डाग फाइलवर राहतो.

नोकरदारांना रजेचं आणि ना-हरकत पत्र. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी परदेशप्रवासाच्या परवानगीचा अर्ज सगळ्यात आधी टाकावा. ती फाइल टेबलावरून टेबलावर फिरते आणि व्हिसापेक्षा जास्त वेळ खाऊ शकते. निवृत्तांना पीपीओची प्रत आणि पेन्शन जमा होणारं पासबुक.

आता शेतकरी. आपल्या जिल्ह्यात हाच प्रश्न सर्वाधिक अडतो, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त. त्यामुळे आयकर परतावा एकतर नसतो किंवा शून्याचा असतो. त्याच्या जागी सातबारा आणि आठ-अ, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या, काटापट्ट्या आणि तलाठी-तहसीलकडचा उत्पन्नाचा दाखला. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. मात्र तो मराठीत असतो, म्हणून इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या, आणि पानाचा दर आधी ठरवा. कापूस सीसीआयला दिला असेल तर पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात आणि स्टेटमेंटमध्ये तसे दिसतात. फाइलमध्ये याहून बोलका पुरावा नाही. खेडा खरेदीत रोख घेतलेले पैसे मात्र कुठेच दिसत नाहीत.

समुद्रपूरकडच्या एका ओळखीच्यांची फाइल मी चाळली होती. जमीन भरपूर, खात्यात चार लाख, तरी व्हिसा नाकारलेला. स्टेटमेंट पाहिलं तर पाच महिने खात्यात आठ-दहा हजार आणि अर्जाच्या नऊ दिवस आधी एकदम साडेतीन लाख रोख भरलेले. कोणीतरी सांगितलं होतं, ‘बॅलन्स दाखवावा लागतो’. दाखवावा लागतो तो खात्याचा रोजचा व्यवहार, शेवटच्या आठवड्यातला डोंगर नव्हे. शिवाय सातबाऱ्यावर नाव ‘विठोबा’ आणि पासपोर्टवर ‘विठ्ठल’. एवढ्यासाठी एक शपथपत्र पुरलं असतं. बायकांच्या माहेरच्या-सासरच्या नावांचंही तेच. विवाह नोंदणीचा दाखला सोबत लावा.

पासपोर्ट हातात आला की व्हिसाच्या स्टिकरवरचं नाव, तारखा आणि किती वेळा प्रवेश ते लगेच वाचा. आणखी एक. ‘एटियास’ नावाच्या परवान्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट दिसतील. तो व्हिसाची गरज नसलेल्या देशांच्या नागरिकांसाठी आहे. तुम्हाला लागत नाही.

केव्हा

वर्ध्याचा माणूस मेमध्ये पळतो, आणि ४६ अंशांत बसलेल्या कोणालाही त्याचं कारण विचारू नये. पण मे-जूनला अपॉइंटमेंट मिळत नाही, विमान ८० हजारांच्या पुढे जातं आणि जुलै-ऑगस्टचं रोमही चांगलंच तापतं. १५ ऑगस्टच्या आसपास तर इटलीकर स्वतःच सुट्टीवर जातात, शहरातली साधी दुकानं-खानावळी बंद. स्वस्त महिने नोव्हेंबर ते मार्चचा मध्य, नाताळचे दोन आठवडे सोडून. कापूस-सोयाबीनचा पैसा हाती येतो तोही याच सुमारास. फेब्रुवारीत व्हेनिसचा कार्निव्हल असतो, तेवढे दिवस तिथल्या खोल्यांचे भाव चढतात. थंडी असते, पण स्वेटर-जाकिटात भागते.

पैसे

साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. लाखभर खर्चले तर चार हजारांपर्यंत नुसते असेच. फॉरेक्स कार्ड घ्या आणि शे-दोनशे युरो रोख. भाव दोन ठिकाणी विचारा. ‘शून्य कमिशन’ म्हणणारा दरातच कापतो. यूपीआयवर विसंबू नका.

इटलीत कार्ड घासताना यंत्र विचारतं, ‘रुपयांत भरता की युरोत?’ नेहमी युरो. रुपये म्हटलंत की दर त्यांचा. एटीएमवर तोच प्रश्न, तेच उत्तर. आणि एटीएम बँकेच्या भिंतीतलं शोधा. स्मरणवस्तूंच्या दुकानाशेजारी उभं असलेलं मोकळं यंत्र दर आणि शुल्क दोन्ही बाजूंनी कापतं.

शहरं

रोमला फ्युमिचिनो विमानतळावर उतराल. पासपोर्टच्या खिडकीवर आता चेहऱ्याचा फोटो घेतात. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ही पद्धत सुरू झाली. पैसे नाहीत, पण रांग आहे. म्हणून त्याच दिवसाचं पुढचं रेल्वे तिकीट काढू नका. शहरात जायला थेट लिओनार्दो एक्सप्रेस १४ युरो, ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशन. लोकल गाडी ८ युरो, पण ती तेर्मिनीला जात नाही. जुन्या तटबंदीच्या आत जायचं असेल तर पांढऱ्या टॅक्सीचा दर ठरलेला आहे, ५५ युरो, सामानासकट. चौघं असाल तर लिओनार्दोपेक्षा टॅक्सी स्वस्त. बाहेर येताच ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्याकडे पाहूसुद्धा नका.

कोलोसियमचं तिकीट १८ युरो, त्यात फोरम आणि पॅलाटाइन टेकडी आलीच. तिकिटावर नाव छापतात, तेव्हा पासपोर्टप्रमाणेच अक्षरं लिहा आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. तारीख साधारण महिनाभर आधी खुली होते आणि चटकन संपते. अधिकृत साइटचं नाव ‘टिकेटिंग डॉट कोलोसेओ डॉट इट’. शोधयंत्रात तिच्या वर दिसणाऱ्या साइट तेच तिकीट ४०-५० युरोंना ‘रांग टाळा’ म्हणून विकतात. सुरक्षा तपासणीची रांग कोणालाच टळत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. गर्दीही तशीच.

व्हॅटिकन संग्रहालय २० युरो, ऑनलाइन आरक्षणाचे ५ वेगळे. रविवारी बंद, शेवटच्या रविवारी फुकट. सेंट पीटरचं चर्च फुकट, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पँथिऑन ५ युरो. त्रेवी कारंज्याच्या अगदी कडेला उतरायचं असेल तर २०२६ च्या फेब्रुवारीपासून २ युरो. वरच्या चौकातून पाहायला काही नाही. स्पॅनिश पायऱ्यांवर बसलात तर दंड. आपल्याकडे पायऱ्या बसण्यासाठीच असतात, तिथे नाहीत.

रोमच्या रस्त्यांवर लोखंडी नळ चोवीस तास वाहतात, पाणी पिण्याचं आहे. बाटली वर्ध्याहून न्या. दोन युरोंची बाटली दिवसाला चार वेळा घेणारे पाहिलेत मी.

शहरकर समजून घ्या. तो खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो, माणशी दर रात्री हॉटेलात द्यायचा असतो, बहुधा रोख. रोममध्ये हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे ४ ते १० युरो. तीन तारे म्हणजे ६. दोघं, तीन रात्री, ३६ युरो. पॅकेजवाल्याला विचारा, हा कर कोण भरणार?

रोमहून फ्लोरेन्स दीड तास, फ्लोरेन्सहून व्हेनिस दोन, व्हेनिसहून मिलान अडीच. वेगवान गाड्या ट्रेनइटालिया आणि इतालो या दोन कंपन्यांच्या. दीड-दोन महिने आधी २०-३० युरोंत मिळणारं तिकीट आदल्या दिवशी ५०-६० ला जातं. स्वस्त तिकीट बदलता येत नाही, हे लक्षात ठेवूनच घ्या. जवळच्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा. नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड, आणि ‘माहीत नव्हतं’ हे तपासनीस रोज ऐकतो.

फ्लोरेन्स पायी होतं. उफ्फिझी २५ युरो, आगाऊ आरक्षणाचे ४ वेगळे, सोमवारी बंद. दोन रात्री पुरतात.

व्हेनिसमध्ये पैसा पाण्यासारखा जातो. वापोरेत्तो म्हणजे तिथली बस-बोट, ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो. दिवसात तीनदा चढणार असाल तर २४ तासांचा पास २५ ला घ्या. गोंडोला सरकारी दराने दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर बोटीचा आहे, माणशी नाही, आणि पाच जण बसतात. कोणी माणशी सांगितलं तर पुढच्या धक्क्यावर जा. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंतच्या ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार, दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क ५ युरो, आयत्या वेळी १०. व्हेनिसच्या हद्दीत मुक्काम असेल तर माफ, पण ऑनलाइन नोंद करून कोड घ्यावा लागतो. खोली बेटाबाहेरच्या मेस्त्रेत घ्या. रेल्वेने दहा मिनिटं, दीडेक युरो, आणि भाडं बेटावरच्यापेक्षा खूप कमी.

त्याच शहरात एका मोठ्या चौकात मी खुर्चीवर बसून दोन कॉफ्या मागवल्या. बिल २६ युरो. वाद्यं वाजत होती, त्याचेही पैसे लावलेले. इटलीत कॉफीचे दोन भाव असतात. उभ्याने दीड युरो, बसून चार, आणि नजारा असेल तर विचारूच नका. दोन्ही दर भिंतीवर लिहिलेले असतात. खानावळीत बिलाखाली ‘कोपेर्तो’ दिसेल, माणशी १ ते ३ युरो. ती फसवणूक नाही, टेबलभाडं आहे. त्यावर पुन्हा टिप द्यायची गरज नाही.

मिलानला एक रात्र पुरे. ‘लास्ट सपर’चं भित्तिचित्र पाहायचं तर १५ युरो, फक्त १५ मिनिटं, आणि तिकीट महिने आधी. ते नसेल मिळत तर मिलान गाळून ती रात्र रोमला द्या. मी तेच करेन.

खाणं, सामान, चोर

शाकाहारी माणूस इटलीत उपाशी मरत नाही. मार्गेरिता पिझ्झा, टोमॅटो पास्ता सगळीकडे. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नको, मासे नको. मात्र पारमेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं. कडक पाळणाऱ्यांनी वरचं चीज नको म्हणावं. रोममध्ये तेर्मिनीजवळच्या एस्क्विलिनो बाजारात तांदूळ, डाळ, मिरची सगळं मिळतं.

घरून नेताना: मांस, दूध, तूप, पनीर युरोपात नेता येत नाही, जप्त होतं. चिवडा, शेंगदाण्याची चटणी चालते. गोरसपाकही चालतो, कारण तो बिस्किटात मोडतो. डबा मात्र सीलबंद ठेवा.

खिसेकापू तेर्मिनी स्टेशनवर, मेट्रोच्या दारात आणि रोमच्या ६४ नंबरच्या बसमध्ये. पासपोर्ट कपड्याच्या आत. हातात प्रेमाने दोरा बांधणाऱ्याला बांधू देऊ नका, तो सोडवायचे पैसे मागतो. फुटपाथवरची ‘ब्रँडेड’ पर्स घेतलीत तर दंड विकणाऱ्यालाच नाही, घेणाऱ्यालाही होतो. काही झालं तर ११२. पासपोर्ट हरवला तर रोममध्ये आपला दूतावास, मिलानमध्ये वाणिज्य दूतावास. झेरॉक्स वेगळ्या बॅगेत असेल तर अर्धं काम झालं.

गाडी भाड्याने घेऊ नका. वर्ध्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, अडचण ती नाही. जुन्या शहरांत बाहेरच्या गाड्यांना बंदीचे भाग असतात आणि कॅमेऱ्याचा दंड तुम्ही घरी परतल्यावर येतो.

पॅकेजच घ्यायचं असेल

वयस्कर माणसं सोबत असतील तर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण पैसे भरण्याआधी हे लेखी मागा. कोलोसियम आतून की बसमधून? ‘भेट’ आणि ‘दर्शन’ या दोन शब्दांत १८ युरोंचा फरक असतो. हॉटेल शहरात की चाळीस किलोमीटर बाहेर? चालक-गाइडची सक्तीची टिप दिवसाला किती? ‘ऐच्छिक सहली’ कोणत्या आणि किती युरोंच्या? व्हिसा नाकारला तर किती कापणार? एकट्याने जाणाऱ्याला खोलीचा जादा आकार किती?

जीएसटी ५ टक्के. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो (२०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंत ५ टक्के होता), म्हणून चालू दर विचारा. टीसीएस हा खर्च नाही, आयकर परताव्यात तो परत मागता येतो. पण त्यासाठी तुमचा पॅन बिलावर हवा आणि परतावा भरायला हवा. शेतकऱ्यांनो, इथे शून्याचा का होईना, परतावा भरा.

निघताना विमान पहाटेचं असेल तर मुंबई आदल्या दिवशी गाठा. कारने जायचं म्हटलं तर येळाकेळीहून समृद्धीवर चढता येतं, पण एका बाजूचा टोलच तेरा-चौदाशे, शिवाय गाडी दहा दिवस मुंबईत उभी करायचे पैसे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. परतीला विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत किमान सहा तास ठेवा. दुपारची सेवाग्राम हुकली तर संध्याकाळची विदर्भ आहे, पण तिचंही तिकीट आधी काढलेलं असेल तरच.